बाळंतिणीची वार : परसांतला खड्डा आणि कॅप्सूल

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांत, लासलगांवच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर विंचूर हें गांव आहे. मराठ्यांच्या इतिहासांत तें विंचूरकर सरदारांचें गांव म्हणून प्रसिद्ध. या घराण्याचे कर्ते पुरुष विठ्ठल शिवदेव १७६१ सालीं पानिपतावर होते, आणि त्या संहारांतून जिवंत परत आले. त्यांचे पराक्रम, त्यांचा सरंजाम, त्यांचें पथक यांची हकीकत बखरींतून आणि दप्तरांतून सांपडते. परंतु ज्या काळांत घरचा पुरुष मोहिमेवरून परत येईल कीं नाहीं याची सारें घर वाट पाही, त्याच काळांत त्या घराच्या आंतल्या अंगाला एक अंधारी खोली असे, आणि तिच्यांत गेलेली बाई परत बाहेर येईल कीं नाहीं हेंहि कोणी सांगूं शकत नसे. ती बाळंतिणीची खोली. वाडा असो कीं कुणब्याचें छप्पर असो, ती खोली सर्वत्र सारखीच भयंकर होती. तिची बखर कोणीं लिहिली नाहीं.

त्या खोलींत मूल रडलें, साखर वांटली गेली, म्हणजे ओसरीवर बसलेल्या मंडळींना बाळंतपण संपलें असें वाटे. सुईणीला तसें कधींच वाटत नसे. तिचें लक्ष वारेकडे असे. नऊ महिने मुलाला अन्न आणि प्राणवायु पोंचविणारी, त्याच्या शरीरांतला मळ काढून नेणारी ही वीतभर रुंद, सुमारें अर्धा किलो वजनाची चकती मुलामागोमाग सुटून पडली पाहिजे; नुसती पडून उपयोग नाहीं, ती सबंध पडली पाहिजे. दिवस भरलेल्या गर्भाशयांतून दर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त वाहत असतें. वार सुटली म्हणजे गर्भाशय आवळतो, आणि त्याच्या स्नायूंच्या जाळ्यांत सांपडलेल्या रक्तवाहिन्यांचीं तोंडें आपोआप मिटतात. वार अडकली किंवा तिचा एखादा तुकडा आंत राहिला, तर गर्भाशय नीट आवळत नाहीं. मग रक्त थांबत नाहीं. आणि रक्त थांबलेंच, तरी आंत राहिलेला तुकडा दोनतीन दिवसांत कुजूं लागतो, बाळंतिणीला थंडी वाजून ताप भरतो. पूर्वीच्या काळीं त्या तापांतून थोड्याच उठत.

म्हणून आपल्याकडील जुन्या वैद्यकानें वारेसंबंधानें जें कांहीं लिहिलें, तें ती बाहेर कशी काढावी एवढ्याविषयींच लिहिलें. चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत आणि सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत हा विषय आला आहे. तेथें वारेला 'अपरा' असें नांव आहे. वार पडली नसेल तर एका बाईनें बाळंतिणीच्या बेंबीच्या वरच्या भागावर उजव्या हातानें जोरानें दाबावें, डाव्या हातानें पाठ धरून तिला हालवावें, असें चरक सांगतो. सुश्रुत सांगतो कीं बोटाला केस गुंडाळून तें घशांत फिरवावें, म्हणजे ओकारी येऊन पोटावर दाब बसेल. कडू भोपळा, मोहरी आणि सापाची कात यांची धुरी द्यावी. कळलावीच्या मुळाचा लेप तळहातांस आणि तळपायांस लावावा. यांतला कांहीं भाग आज उपयोगाचा वाटत नाहीं आणि कांहीं भाग तर नकोसा वाटतो. परंतु शेवटचा उपाय वाचतांना वाचक थबकतो. कशानेंच वार येईना, तर नखें कापलेल्या आणि तेलानें माखलेल्या हातानें ती काढावी, असें तेथें म्हटलें आहे. जंतूंची कल्पना कोणासहि नव्हती, तेव्हांची ही गोष्ट. युरोपांत १८४७ सालीं व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें आपल्या हाताखालच्या लोकांना क्लोरिनच्या पाण्यांत हात धुण्यास लावलें आणि बाळंतिणींचे मृत्यु शेंकडा दहाच्या घरांतून एकदोनांवर आणले. तरीहि कित्येक वर्षें त्याचें म्हणणें कोणी मनावर घेतलें नाहीं. डॉक्टरांना आपले हात घाणेरडे म्हटलेलें सहन होत नव्हतें.

वार पडल्यावर बाळंतिणीनें काय खावें याचाहि विचार त्याच अध्यायांत आहे. तूप किंवा तेल, त्यांत पिंपळी, चवक, चित्रक, सुंठ यांचें चूर्ण, मागून पातळ पेज. पुढें हळूहळू जड अन्न. वारेचें नांव त्या आहारांत नाहीं.

याच विषयावर एका मराठी तरुणीनें इंग्रजीत निबंध लिहिला. आनंदीबाई जोशी वयाच्या चवदाव्या वर्षीं बाळंत झाल्या होत्या. तें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें. पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं पदवीसाठीं जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. १८८६ च्या मार्च महिन्यांत त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, बाविसावें वर्ष पुरें होण्याच्या आधींच, पुण्यास वारल्या. विषयाची निवड नुसती विद्वत्तेची नव्हती, हें ज्यांना त्यांचें चरित्र माहीत आहे त्यांस निराळें सांगावयास नको.

विंचूर काय किंवा आसपासचें दुसरें कोणतेंहि गांव काय, तेथें बाळंतपण करणारी बाई संहिता वाचून येत नसे. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं हें काम मांग समाजांतील बायका करीत. ज्या घराच्या उंबऱ्याच्या आंत एरवीं त्यांना पाऊल टाकूं दिलें जात नसे, त्या घराची सून मरणाच्या दारांत असतांना त्यांच्याच हातीं सोंपविली जाई. आणि काम झालें कीं पुन्हां अंगणाबाहेर. वार हाताळणें हें विटाळाचें, म्हणून तें त्यांच्याकडे. अक्षराची ओळख नसलेल्या या बायांना वार कधीं सुटली, नाळ किती लांबली, पोट हाताला घट्ट लागतें कीं मऊ, हें कळत होतें. चुकाहि होत. विळ्यानें किंवा कोयत्यानें नाळ कापल्यामुळें धनुर्वात होऊन कित्येक मुलें गेलीं, आणि घाईनें नाळ ओढल्यामुळें कित्येक बाया. परंतु त्या चुकांचा सगळा दोष त्या बायांच्या माथीं मारणाऱ्या समाजानें त्यांना शिकविण्याची तोशीस फार उशिरां घेतली.

पडलेल्या वारेचें पुढें काय करावयाचें, हें ठरलेलें असे. मागल्या दारीं, न्हाणीपाशीं किंवा बाळंतिणीच्या खोलीच्या कोपऱ्यांतच खोल खड्डा खणून, हळदकुंकू, सुपारी, पैसा घालून ती पुरीत. कुत्र्यामांजरानें उकरूं नये म्हणून वर दगड ठेवीत. माणूस कोठेंहि गेला तरी जेथें त्याची नाळ पुरली तें त्याचें गांव, असें मराठी माणूस अजून म्हणतो. खोल पुरण्याला दुसरेंहि एक कारण होतें. मूल नसलेल्या बाईनें वारेचा किंवा नाळेचा अंश चोरून खाल्ला तर तिला मूल होईल आणि या बाळाचें अनिष्ट होईल, अशी समजूत आपल्या देशांत बऱ्याच ठिकाणीं होती. ही समजूत खुळीच. पण तिच्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : वार खाण्याची कल्पना लोकांना सुचलीच नव्हती असें नाहीं. सुचली, ती चोरी आणि करणी म्हणून. बाळंतिणीनें आपलीच वार औषध म्हणून खावी, असें तिची आई, सासू किंवा सुईण कधीं म्हणाली नाहीं.

गोठ्यांतहि हीच रीत होती. गाय किंवा म्हैस व्याली कीं तिचा जार पडेपर्यंत शेतकरी तेथून हलत नाहीं, कारण पडला कीं जनावर तो खाऊं पाहतें. शेतकरी तो काढून घेतो आणि पुरतो. कांहीं भागांत फडक्यांत किंवा पोत्यांत बांधून वडाच्या झाडाला टांगतात, कां तर वडाच्या चिकासारखें जनावराचें दूध वाढावें.

आज जी नवी चाल निघाली आहे, तिचे पुरस्कर्ते याच गाईम्हशींकडे बोट दाखवितात. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्या आपली वार खातात, तेव्हां मनुष्याच्या मादीनेंहि खाल्ली पाहिजे, नव्हे पूर्वीं ती खातच असे, असें त्यांचें म्हणणें. प्राण्यांविषयींचें विधान खरें आहे. मार्क क्रिस्टल या अमेरिकन शास्त्रज्ञानें उंदरांवर प्रयोग करून १९८० नंतरच्या दशकांत असेंहि दाखविलें कीं वार खाल्ल्यानें मादीच्या शरीरांतील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यांचा परिणाम वाढतो. परंतु तो गुण उंदरांत दिसला, तोहि वेदनेपुरता. वाफवून, वाळवून केलेल्या भुकटीनें बाईचा थकवा जातो, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. मनुष्याविषयींचें विधान तर टिकतच नाहीं. २०१० सालीं अमेरिकेंतील दोघां संशोधकांनीं जगांतील १७९ समाजांचीं वर्णनें तपासलीं. आईनें आपली वार खाण्याची परंपरा त्यांना त्यांत आढळली नाहीं. पुरणें, जाळणें, पाण्यांत सोडणें, झाडाला टांगणें हे प्रकार मात्र जागोजाग सांपडले. म्हणजे विंचूरकडची रीत ही जगाचीच रीत होती.

दुसरा दाखला चीनचा दिला जातो. चिनी वैद्यकांत वाळविलेली मानवी वार खरोखरच औषध म्हणून वापरीत. 'जांभळ्या नदीची गाडी' अशा अर्थाचें तिचें काव्यमय नांव आहे. आठव्या शतकांतील एका ग्रंथांत तिचा उल्लेख आहे आणि सोळाव्या शतकांत ली शिचन यानें आपल्या प्रचंड निघंटूंत तिला जागा दिली. परंतु तेथें ती क्षीण झालेल्या, दमेकरी किंवा अपत्य न होणाऱ्या स्त्रीपुरुषांना देत. वार एकीची, रोगी दुसराच. बाळंतिणीनें स्वतःची वार खाण्याचा तो विधि नव्हे. आणि चीनच्या सरकारी औषधकोशानेंहि २०१५ च्या आवृत्तींत हें द्रव्य वगळलें. जिला हजार वर्षांची परंपरा म्हणून पुढें करतात, ती चाल वास्तविक १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत, घरीं बाळंतपण करणाऱ्या कांहीं सुईणींच्या वर्तुळांत रुजली, आणि एकविसाव्या शतकांत तिचा धंदा झाला. कॅप्सूलवर 'प्राचीन' हा शब्द छापावयास शाई लागते, इतिहास लागत नाहीं.

कृति अशी. बाळंतपणानंतर वार बर्फांत ठेवून घरीं किंवा कारागिराकडे नेतात. पाण्यानें धुऊन तिच्यांतलें रक्त काढतात. एका पद्धतींत ती आलें वगैरे घालून वाफवितात, मग पातळ काप करून यंत्रांत वाळवितात, दळतात आणि भुकटी कॅप्सूलमध्यें भरतात. दुसऱ्या पद्धतींत वाफविणें गाळतात, कारण उष्णतेनें तिच्यांतील 'सत्त्व' जातें अशी समजूत. कच्चे कापच मंद आंचेवर वाळवितात. धोका दोन्ही पद्धतींत आहे, दुसरींत अधिक. वार निर्जंतुक नसते. योनिमार्गांतून येतांना तिला तेथले जंतु लागतात. कधीं बाळंतपणाच्या आधींच तिला संसर्ग झालेला असतो. मंद उष्णतेनें मांस वाळतें, जंतु मरतातच असें नाहीं. अन्नांतील साल्मोनेला जंतूंचा नाश व्हावयास ५४ अंश उष्णता १२१ मिनिटें टिकली पाहिजे, असा हिशेब आहे. स्वयंपाकघरांतल्या यंत्रांत प्रत्येक तुकड्याच्या गाभ्यापर्यंत ती टिकली कीं नाहीं हें कोण पाहतो? तींच भांडीं आणि तेंच यंत्र दुसरीच्या वारेसाठीं वापरलें, तर एकीच्या रक्तांतला रोग दुसरीच्या घरीं जाण्याची वाट उघडली.

ही नुसती शंका नाहीं. अमेरिकेच्या ऑरेगॉन संस्थानांत सप्टेंबर २०१६ मध्यें एक मूल जन्मलें. जन्मतांच त्याला श्वास घेण्याचा त्रास होऊं लागला; रक्तांत गट ब स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतु सांपडले. प्रतिजैविक औषधें देऊन त्याला बरें करून घरीं पाठविलें, तों पांचच दिवसांत तें पुन्हां आजारी पडून रुग्णालयांत आलें, जंतु तेच. चौकशी करतां कळलें कीं बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवसापासून आई आपल्या वारेचीं कॅप्सुलें दिवसांतून तीन वेळां, दर वेळीं दोन, घेत होती. कॅप्सुलें तपासलीं, त्यांत तेच जंतु निघाले. गरोदरपणीं ३७ व्या आठवड्यांत तपासणी झाली तेव्हां आईच्या अंगीं ते नव्हते. मूल पुढें बरें झालें. घरांतल्या दुसऱ्या माणसाकडून संसर्ग झाला नसेलच असें डॉक्टरांनीं ठामपणें म्हटलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें जून २०१७ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध करून अशीं कॅप्सुलें घेण्याचें टाळावें असा स्पष्ट सल्ला दिला. जो माल अंगीं शक्ति यावी म्हणून आईनें घेतला, त्याचा भार तीन आठवड्यांचेंहि नसलेल्या मुलानें सोसला, ही यांतली बोंच आहे.

शक्ति तरी येते काय? नेवाडा विद्यापीठांतील संशोधकांनीं कांहीं बायांना वारेचीं आणि कांहींना तशींच दिसणारीं साध्या मांसाचीं कॅप्सुलें दिलीं. कोणाला कोणतीं, हें घेणारीला ठाऊक नव्हतें आणि देणारालाहि नाहीं. २३ बायांच्या रक्तांतलें लोह मोजलें, तेव्हां दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. मनाची उदासी आणि थकवा यांविषयींहि २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत ठळक फायदा दिसला नाहीं. प्रयोग लहान होते. पण ज्या गुणांसाठीं बाया पैसे मोजतात, त्यांतला एकहि ठळकपणें पुढें आला नाहीं. ज्या बाईला वाटतें कीं आपल्याला बरें वाटलें, ती खोटें बोलते असें नव्हे. बाळंतपणानंतर दिवस जातील तसें पुष्कळांना बरें वाटतेंच.

वारेपासून औषधी उपयोगाची वस्तु होऊंच शकत नाहीं, असा याचा अर्थ नाहीं. मुंबईच्या टाटा रुग्णालयाची ऊतकपेढी १९८८ पासून चालली आहे. तेथें गर्भावरणाच्या पातळ पडद्यावर प्रक्रिया करून तो भाजलेल्या आणि चिघळलेल्या जखमांवर लावण्यासाठीं देतात. परंतु तेथें देणाऱ्या मातेचें रक्त तपासतात आणि तयार पडदा गॅमा किरणांनीं निर्जंतुक करतात. फ्रान्समध्यें तर हजारों बाळंतपणांच्या वारा गोळा करून त्यांतून रक्तांतील प्रथिनें काढण्याचा कारखानाच होता. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत संसर्गाच्या भीतीनें तोहि बंद झाला. एवढ्या जाणत्या लोकांनीं जेथें हात आंखडला, तेथें परसांतल्या यंत्रावर भरंवसा कशाच्या जोरावर ठेवावयाचा?

तरी ज्या बाया हीं कॅप्सुलें विकत घेतात, त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. त्यांचें दुखणें खरें आहे. रक्त गेलेलें असतें, रात्रीची झोंप नाहीं, मन भरून येतें, आणि पुष्कळदां घरांत दुसरें कोणी नसतें. मराठी घरांतून बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावूं देत नसत. तेल लावून न्हाऊं घालीत, शेकशेगडी देत, अळिवाची खीर, डिंकाचे आणि खारीकखोबऱ्याचे लाडू, बाळंतशेप, ओवा हें सारें पुढ्यांत येई. त्या व्यवस्थेंत दोष होते. कोंदट खोली, धूर, पाणी कमी देण्याची खोड हे घातकच. पण अळिवांत लोह आहे, लाडवांत तूप आणि साखर आहे, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, आई उशाशीं आहे. परदेशीं किंवा मोठ्या शहरांत दोन खोल्यांत बाळंत झालेल्या लेकीला तें मिळत नाहीं. मग डबींतलें औषध तिला जवळचें वाटतें. तिला खरोखर हवें असतें तें लोहाची गोळी, पोटभर अन्न, रात्रीं मुलाला घेणारा दुसरा हात, आणि उदासी पंधरा दिवसांपलीकडे लांबली तर डॉक्टर. कॅप्सूलवर विसंबून ती भेट लांबणीवर पडली, तर जंतु नसतांहि नुकसान झालें.

वारेपायीं होणारे मृत्यु कमी झाले ते निराळ्या मार्गानें. १९०३ सालीं व्हाइसरॉयची पत्नी लेडी कर्झन हिच्या पुढाकारानें देशी दायांना शिकविण्यासाठीं निधि उभा राहिला. १९०९ सालीं रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यास सेवासदन काढलें, आणि तेथून पांढरपेशा घरांतल्या विधवा परिचारिका आणि सुईणी होऊन बाहेर पडूं लागल्या. जें काम विटाळाचें, तें ब्राह्मणाची विधवा करूं लागली, तेव्हां पुण्यांत किती भिवया चढल्या असतील याची कल्पना करावी. १९३५ सालीं अर्गट बुरशींतून गर्भाशय आवळणारें द्रव्य निराळें काढण्यांत आलें. १९५३ मध्यें ऑक्सिटोसिन कृत्रिम रीतीनें तयार झालें. मूल जन्मतांच त्याची एक सुई मांडींत दिली कीं गर्भाशय आवळतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आंत वार येते. २००५ मध्यें जननी सुरक्षा योजना सुरू झाल्यापासून खेड्यांतल्या बायाहि दवाखान्यांत बाळंत होऊं लागल्या. २०१८ ते २०२० या काळांत महाराष्ट्रांत एक लाख जिवंत जन्मांमागें ३३ माता दगावल्या. साऱ्या देशाचा आंकडा त्या वेळीं ९७ होता.

नाशिक जिल्ह्यांतील एखाद्या दवाखान्यांत आज बाळंतपण झालें, तर वार खड्ड्यांत जात नाहीं. १९९८ च्या आणि पुढें २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणें ती मानवी अवयवांत मोडते आणि पिवळ्या पिशवींतून जाळण्यासाठीं जाते. हळदकुंकू नाहीं, सुपारी नाहीं. पण पिशवींत टाकण्यापूर्वीं परिचारिका ती एका थाळ्यांत उताणी ठेवते, पाण्यानें धुते, दोन्ही तळहातांवर पसरून तिच्या मांसल बाजूचे पंधरावीस उंचवटे एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, मध्यें कोठें खांच तर नाहीं, हें पाहते. मग नाळेला धरून ती उचलते, पडदा पिशवीसारखा लोंबूं देते आणि तो कोठें फाटून आंत राहिला आहे काय, हें उजेडाकडे धरून तपासते. सगळी आली आहे अशी खात्री झाली, म्हणजे ती कागदावर तशी नोंद करते, आणि मगच बाळंतिणीच्या आईला आंत बोलावते.